जुनं खातं, नवं खातं: महामारीनंतर गल्लीचा बाजार सांधताना

१ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले आणि दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. शटरं वर गेली, हातगाड्या लागल्या, मिठाईच्या दुकानांपुढे गर्दी झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, गल्ली पूर्ववत झाली. आतून मात्र वाण्याकडची उधारी, रस्त्यावरच्या गाडीची जागा, दुकानदारांची भिशी अशा गोष्टी मोडल्या होत्या, आणि बऱ्याच वस्त्यांत त्या अजूनही नीट जुळलेल्या नाहीत.

वस्ती पुन्हा जोडायची तर सुरुवात स्नेहसंमेलनापासून करू नये, वहीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्याकडे तीन हजार थकलेत तो माणूस दुकानासमोरून जात नाही, मागच्या बोळातून वळसा घालून जातो. घरातलं पोरही त्या दुकानात पाठवत नाही. हळूहळू तो मंडळाच्या बैठकीला येत नाही, पाण्याच्या तक्रारीच्या अर्जावर सही करायलाही येत नाही, कारण तिथे तो दुकानदार भेटेल. रक्कम थोडी असते, पण माणूस गल्लीतून उठून जायला तेवढी पुरते.

उधारी आधी मोजा

एक मध्यम किराणा दुकान धरू. रोजची विक्री ८,००० रुपये, त्यातली ३० टक्के म्हणजे २,४०० रुपये वहीवर. गिऱ्हाईक महिनाभर माल नेतं आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेला, पगार झाल्यावर, चुकतं करतं. १ तारखेला नेलेल्या मालाचे पैसे चाळीस दिवसांनी येतात, महिनाअखेरीस नेलेल्याचे दहा दिवसांनी. सरासरी २५ दिवस. म्हणजे दुकानदाराचे ६०,००० रुपये कायम लोकांच्या घरात असतात. पगार थांबले किंवा कापले गेले आणि ही सरासरी ५५ दिवसांवर गेली, की अडकलेली रक्कम १,३२,००० होते. विक्री तेवढीच, गिऱ्हाईक तेच, पण घाऊक व्यापाऱ्याला द्यायला हातात ७२,००० रुपये कमी. टाळेबंदीच्या काळात अनेक वितरकांनी आपली आठ-पंधरा दिवसांची उधारी बंद करून रोखीनेच माल टाकायला सुरुवात केली होती. दोन्हीकडून आवळलेल्या दुकानात फळ्या रिकाम्या दिसू लागतात. नेहमीचं तेल, नेहमीची चहापत्ती मिळाली नाही की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, आणि त्याची थकबाकी आहे तशी राहते.

म्हणून पहिलं काम, वही उघडून यादी काढणं. प्रत्येक नावापुढे शेवटची खरेदी कधी, शेवटचा भरणा कधी, शिल्लक किती, एवढं लिहायचं. यादी काढली की लोक आपोआप वेगळे होतात. काही जण येतात आणि देतात, त्यांचं काहीच करायचं नाही. काही येतात, रोजचा माल रोखीने नेतात, पण जुन्याचा विषय काढत नाहीत. आणि काही येतच नाहीत. सगळं लक्ष या शेवटच्या लोकांवर द्यायला हवं, आणि नेमकं तिथेच दुकानदार ‘बुडीत’ असा शिक्का मारून मोकळा होतो.

हिशेब करून बघा. एखादं घर महिन्याला अडीच हजारांचा किराणा नेत असेल तर वर्षाचे ३०,००० झाले. किराण्यात सरासरी दहा टक्के सुटतात असं धरलं तर त्या घराकडून वर्षाला ३,००० रुपये मिळतात. म्हणजे त्या घराची तीन हजारांची थकबाकी पूर्ण सोडली आणि घर परत आलं, तर बारा महिन्यांत भरपाई होते. वसुलीमागे लागून घर कायमचं तुटलं तर थकबाकीही जाते आणि दर वर्षीचे तीन हजारही जातात.

जुनं वेगळं, नवं वेगळं

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती जुनी आणि नवी रक्कम एकाच पानावर चालू ठेवल्यामुळे. गिऱ्हाईक ५०० रुपये देतं ते आजच्या साखर-तांदळाचे म्हणून. दुकानदार ते २०२० च्या बाकीत वळते करतो. महिनाअखेरीला दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटतो. भारतीय करार कायदा, १८७२ यात याबद्दल चोख तरतूद आहे. पैसे देणाऱ्याने ‘हे अमुक देण्यापोटी’ असं सांगितलं तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात (कलम ५९). त्याने काहीच सांगितलं नाही तर कशात जमा करायचं हे घेणाऱ्याच्या मर्जीवर, अगदी मुदत संपलेल्या देण्यातसुद्धा (कलम ६०). कायदा दुकानदाराच्या बाजूचा वाटला तरी गल्लीत तो असा वापरू नये. प्रत्येक भरण्यासमोर ‘जुनं’ किंवा ‘नवं’ असं दोघांच्या देखत लिहावं.

पद्धत अशी. एक तारीख ठरवून जुनं खातं तिथे गोठवायचं. त्यानंतरचा एक रुपयाही त्या पानावर चढवायचा नाही. बेरीज गिऱ्हाईकासमोर, ओळीओळीने वाचून करायची. ‘एकूण ६,४००’ एवढंच सांगितलं की संशय राहतो. ‘मे महिन्यात तांदूळ दहा किलो, जूनमध्ये तेलाचे दोन डबे’ असं वाचलं की त्या दिवसांची आठवण येते आणि माणूस स्वतःहून मान हलवतो. एखाद्या नोंदीवर वाद निघाला तर ती तिथल्या तिथे कापून टाकावी. दोनशे रुपयांच्या नोंदीसाठी सहा हजारांची तडजोड मोडू देऊ नये.

मग पर्याय द्यायचे. ६,४०० रुपये असतील तर महिन्याला ४०० प्रमाणे सोळा हप्ते, किंवा एकरकमी ५,००० आणि खातं बंद. सूट द्यायची तर तिचं प्रमाण सगळ्यांना सारखं हवं. शेजारणीला पाव सूट आणि आपल्याला काहीच नाही हे संध्याकाळपर्यंत कळतं, आणि मिटवायला निघालेल्या भांडणाच्या जागी दुसरं उभं राहतं. बोलणं दुपारी दोन ते चारमध्ये करावं, गल्ल्यावर गर्दी नसताना. आणि पैसे देणाऱ्या माणसाशीच करावं. पुष्कळ घरांत माल आणायला बाई किंवा मुलगा येतो आणि घरातल्या कमावत्याला एकूण आकडा माहीतच नसतो. अचानक कळला की राग दुकानदारावर निघतो. थकबाकीदारांची यादी दुकानाबाहेर लावणं किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं हा तर सरळ नातं संपवण्याचा मार्ग आहे, शिवाय बदनामीचा दावा ओढवून घेण्याचाही.

मुदतीचं गणितही दुकानदाराला माहीत हवं. उधारीची मुदत ठरवून न देता विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायचा तर माल दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता. त्यामुळे टाळेबंदीतल्या उधारीची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून धरली तरी २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस संपली. मधल्या काळात गिऱ्हाईकाने सही करून बाकी मान्य केली असेल तर त्या सहीपासून नवी तीन वर्षं मिळतात. नसेल तर त्या पैशांसाठी आता कोर्टाचा दरवाजा बंद आहे. मात्र मुदत संपलेलं देणंही फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे ते ग्राह्य धरलं जातं. म्हणून तडजोडीच्या कागदावर रक्कम, हप्ता, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. पण सही घेताना हे देणं आता कोर्टातून वसूल होण्यासारखं राहिलेलं नाही हे गिऱ्हाईकापासून लपवू नये. त्याने सही करायची ती पुन्हा ताठ मानेने दुकानात यायला मिळावं म्हणून. ते त्याला समजून-उमजून करू द्यावं.

आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांचं काय? कायद्याने वारसांवर देणं येतं ते मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच. वाण्याच्या उधारीत ती भाषा काढूच नये. बहुतेक भल्या दुकानदारांनी अशी खाती मनातल्या मनात सोडून दिली आहेत. चूक इथेच होते: ती घरी सांगितलेली नाहीत. त्या बाईला वाटत राहतं की नवऱ्याचं देणं डोक्यावर आहे, आणि ती दुकानाची पायरी चढत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईमार्फत निरोप धाडावा की ते खातं बंद केलं आहे, पान फाडलं आहे, तुम्ही या. कमावता माणूस गेलेल्या घराला सगळ्यांत आधी गरज असते ती पंधरा दिवसांच्या किराण्याची. करोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये सानुग्रह मदत मिळते हे अनेक एकल महिलांना गल्लीतल्याच कुणीतरी सांगितलं. कागदांची यादी, झेरॉक्स, अर्ज भरून देणं हे कामही ओळखीच्या दुकानात झालं. अशा दुकानाशी तुटलेलं घर सरकारी योजनांपासूनही तुटतं.

नव्या खात्याचे नियम कडक असावेत आणि पहिल्याच दिवशी सांगावेत. महिन्याऐवजी पंधरा दिवसांचा हिशेब. नेल्यापासून हिशेबाच्या दिवसापर्यंत सरासरी साडेसात दिवस, त्यावर तीन दिवस सवलत. आपल्या उदाहरणातले ६०,००० असे २५,००० वर येतात. रोजंदारीवाल्या घरासाठी आठवडा, आणि तोही त्यांच्या पगाराच्या वाराला. मर्यादा एका पंधरवड्याच्या खरेदीएवढी. मर्यादा गाठली की माल बंद करायचा नाही, फक्त रोखीने द्यायचा, म्हणजे येणं-जाणं चालू राहतं. गिऱ्हाईकाकडे एक लहान वही असावी आणि दोन्ही वह्यांत एकाच वेळी नोंद व्हावी. मोबाइलमधली उधारीची ॲपं सोयीची आहेत, पण आपोआप जाणारे तगाद्याचे संदेश बंद ठेवावेत. घरात बाळंतपण असताना, दवाखाना चालू असताना यंत्राचा तगादा येतो, आणि तो दुकानदाराने धाडला असंच समजलं जातं. यूपीआयने पैसे आले की त्याच रात्री वहीवर चढवावेत. मुलाच्या किंवा भावाच्या नावाने आलेली रक्कम दोन दिवसांनी कुणाची ते आठवत नाही.

गाडी कुठे लागणार

२०२० च्या उन्हाळ्यात हॉटेलातले कामगार, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर भाजीची गाडी घेऊन रस्त्यावर आले. जुने पथारीवाले गावाहून परतले तेव्हा त्यांच्या जागेवर दुसरं कुणी उभं होतं. दोघांचंही पोट त्याच कोपऱ्यावर. हा वाद हातघाईवर येण्याआधी कागदावर आणायचा तर पथविक्रेता अधिनियम, २०१४ हा आधार आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असायला हव्यात. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, असं कलम ३(३) सांगतं. गाडीवाल्याने आपण त्या जागेवर असल्याचे पुरावे जमवून ठेवावेत: जुनी दंडाची पावती, स्वच्छता शुल्काची पावती, संघटनेचं कार्ड, शेजारच्या दुकानदाराचं पत्र. दंडाची पावतीसुद्धा ‘मी अमुक तारखेला इथे धंदा करत होतो’ हे सिद्ध करते. ती फेकून देऊ नये.

१ जून २०२० ला आलेल्या पीएम स्वनिधी योजनेत हेच पुरावे कामी आले. पहिलं कर्ज १०,००० रुपये, बारा हप्ते, तारण नाही. वेळेत फेडलं तर २०,००० आणि मग ५०,०००. अट होती २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी धंदा करत असण्याची. प्रमाणपत्र नसलेल्यांना पालिकेच्या शिफारस पत्रावर कर्ज मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिला टप्पा १५,००० आणि दुसरा २५,००० झाला आणि योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली.

या कर्जाचं मोल कळायचं तर ते रोजच्या वसुलीवाल्याशी ताडून बघावं. तो १०,००० च्या नावाखाली ९,००० हातात देतो आणि शंभर दिवस रोज १०० रुपये नेतो. हजार रुपयेच तर जातात, असं वाटतं. पण मुद्दल रोज कमी होत असल्याने हा दर वर्षाला ८० टक्क्यांच्या आसपास पडतो. बँकेचं १०,००० चं कर्ज बारा टक्क्यांनी धरलं तर हप्ता ८८८ रुपये, वर्षाचं व्याज ६६० च्या घरात, आणि त्यातलं सात टक्के दराचं व्याज अनुदान म्हणून खात्यात परत येतं. पदरचे जातात ते तीनशेहूनही कमी.

तरीही ही कर्जं थकली, आणि त्यातल्या पुष्कळांचं कारण धंदा बसला हे नव्हतं. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना, त्यामुळे ओटीपीच येत नाही. आधारवर एक आडनाव, बँकेत दुसरं. गाडीवाला पेरणीला किंवा लग्नाला महिनाभर गावी गेला आणि खात्यात हप्त्याएवढी शिल्लक नव्हती. हप्ता परत गेला, वर दंड लागला, आणि लाजेने माणूस बँकेकडे फिरकेनासा झाला. नव्वद दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं, व्याज अनुदान थांबतं, पुढचं मोठं कर्जही गेलं. उपाय साधा आहे. कर्ज मिळाल्या दिवशीच दोन हप्त्यांएवढी रक्कम त्याच खात्यात बाजूला ठेवायची. आणि गल्लीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराने दर महिन्याच्या हप्त्याच्या तारखेआधी तीन दिवस गाडीवाल्यांच्या खात्यातली शिल्लक त्यांच्याच फोनवर त्यांना बघून द्यायची. दहा-बारा गाड्यांसाठी अर्ध्या तासाचं काम आहे.

२०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या विक्रेत्यांना करखात्याच्या नोटिसा गेल्या आणि महाराष्ट्रातल्या गाडीवाल्यांच्याही पोटात गोळा आला. प्रक्रिया न केलेल्या ताज्या भाज्या-फळांवर जीएसटीच नाही, आणि मालाच्या इतर विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, एवढं त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. यूपीआयचा कोड काढून टाकला की स्वनिधीत डिजिटल व्यवहारांवर मिळणारा परतावाही जातो आणि धंद्याची नोंदही.

जागेची आखणी मात्र गल्लीनेच करावी. माझ्या मते संध्याकाळी पाच ते नऊ ही एकच वेळ ठरवावी आणि ती पाळावी. दिवसभर पाच गाड्या असण्यापेक्षा चार तास वीस गाड्या असल्या तर माणसं भेटतात. एका गाडीला दोन मीटर लांबी, एक मीटर रुंदी. पायी जाणाऱ्यांसाठी १.८ मीटर मोकळी पट्टी कोणत्याही परिस्थितीत सोडायची; पदपथासाठी भारतीय रस्ते महासभेने घालून दिलेली किमान रुंदी तीच आहे, आणि तेवढ्यातून दोन व्हीलचेअरही एकमेकींना ओलांडून जातात. दुकानाच्या दारासमोर गाडी नको, दोन दारांच्या मध्ये हवी. दुकानदाराचा खरा राग गाडीवर नसतोच, पायरी अडते यावर असतो. सारख्या मालाच्या गाड्या शेजारी-शेजारी लावाव्यात की दूर? भाजीच्या गाड्या एकत्र असल्या तर गिऱ्हाईक जास्त येतं, पण दुकानात मिळणाऱ्याच मालाची गाडी त्या दुकानापुढे लावणं म्हणजे रोजचं भांडण. दिव्यासाठी दुकानातून वायर ओढू नये. चार्जिंगचा एलईडी दिवा पुरतो. ओला कचरा कोण, किती वाजता, कुठल्या कचरागाडीत टाकणार हे पहिल्याच बैठकीत ठरवावं. असे बाजार उठवले जातात ते बहुतेकदा सकाळी दिसणाऱ्या कचऱ्यामुळे.

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन साजरा झाला, लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवून. वाहनं नसलेल्या रस्त्यावर लोक रेंगाळतात, आणि रेंगाळणारा माणूस खरेदी करतो, हे त्या दिवशी व्यापाऱ्यांना डोळ्यांनी बघता आलं. लहान गल्लीला यासाठी पालिकेच्या मोठ्या योजनेची वाट बघायची गरज नाही. वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन महिन्यातला एक रविवार, चार तास, एवढ्यावर सुरुवात होते. आधी पंधरा दिवस प्रत्येक घरी पत्रक, रुग्णवाहिकेसाठी एक बाजू मोकळी आणि अडथळे हलवायला दोन माणसं कायम हजर, एवढी तयारी मात्र हवीच.

भिशी पुन्हा लावताना

मार्च २०२० मध्ये ज्यांचा नंबर लागून गेला होता त्यांच्यातल्या कित्येकांचे हप्ते थांबले, आणि ज्यांचा लागायचा होता त्यांचे पैसे बुडाले. दुकानादुकानांतला अबोला अनेक ठिकाणी तिथून सुरू झाला. भिशी ही छोट्या धंद्याची बँकच होती. फ्रिज, शटर, दिवाळीचा माल तिच्यावर यायचा. ती पुन्हा लावायची तर रचना बदलायला हवी.

बारा दुकानदार, दरमहा ५,००० रुपये असं धरा. बाराऐवजी तेरा हप्ते ठरवावेत. पहिल्या महिन्याचे ६०,००० कुणालाच द्यायचे नाहीत. ते तिघांच्या संयुक्त सहीच्या बँक खात्यात राखीव. दुसऱ्या महिन्यापासून चिठ्ठ्या. सरकारी आदेशाने दुकानं पंधरा दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर सगळ्यांचे हप्ते एकाच वेळी थांबतील आणि राखीवमधून प्रत्येकाला ५,००० परत मिळतील, हा नियम आधीच लिहून ठेवायचा. कुणी आजारी पडलं तर त्याचे दोन हप्ते राखीवमधून, तिसऱ्यापासून त्याच्या जामीनदाराकडून. जामीन म्हणून अशाच सभासदाला घ्यावं ज्याचा नंबर अजून लागायचा आहे. वर्ष सुखरूप पार पडलं तर राखीव रक्कम शेवटी वाटून टाकायची.

चिठ्ठीने किंवा लिलावाने फिरणाऱ्या अशा व्यवहारांना १९८२ चा चिटफंड कायदा आहे, त्यामुळे अनोळखी माणसं घेऊन, जाहिरात करून, वरकड नफा काढून भिशी चालवणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. ज्यांना कायद्याच्या चौकटीतच राहायचं आहे त्यांच्यासाठी बचत गट जास्त चांगला. दहा ते वीस सदस्य, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख हिशेब ही पंचसूत्री पाळली की बँक गटाला कर्ज देते. आणि राखीव पैसा बँकेतच असावा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पिग्मी गोळा करणारा ओळखीचा आहे म्हणून सगळी शिल्लक पतसंस्थेत टाकणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

खानावळ, केशकर्तनालय, मंडळ

खानावळींचं वेगळंच झालं. विद्यार्थी एका रात्रीत गावी गेले, महिन्याचे आगाऊ भरलेले पैसे अर्धे वापरलेले, अर्धे लोंबकळत. आता महिन्याऐवजी ताटांवर पैसे घ्यावेत: साठ ताटांचं पुस्तक, नव्वद दिवस चालणारं. खाड्याचा वाद संपतो, आणि बंद करायची वेळ आली तर किती ताटं परत करायची हे दोघांनाही आधीच ठाऊक असतं.

सलूनवाल्यांना राज्यात २८ जून २०२० ला परवानगी मिळाली तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांची, दाढीची नाही, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा टाळं. भाडं मात्र चालू होतं. ज्या जागामालकांनी थकलेलं भाडं पुढच्या चोवीस महिन्यांत वाटून घेतलं त्यांचे भाडेकरू टिकले. आजही असा थकीत भाड्याचा विषय लोंबकळत असेल तर तोच जुनं-नवं खात्याचा नियम लावावा आणि प्रत्येक पावतीवर कोणत्या महिन्याचं भाडं ते लिहावं.

मंडळांकडे या सगळ्यात एक मोठी ताकद आहे. ती वर्गणी मागतात त्याच दुकानांकडून मांडवाचं सामान, फुलं, प्रसाद, छपाई, भाड्याच्या खुर्च्या घेतल्या तर पैसा गल्लीतच फिरतो. २०२० ला सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आली आणि अनेक मंडळांनी रक्तदान, धान्यवाटप केलं. त्या वेळी तयार झालेल्या घरोघरच्या याद्या कपाटात पडून आहेत. त्या बाहेर काढाव्यात. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१(क) ची परवानगी घ्यावी, छापील क्रमांकाची पावती द्यावी आणि विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च फलकावर लावावा. हिशेब न लावणाऱ्या मंडळाच्या शब्दावर कुणी आपलं जुनं खातं मिटवायला बसणार नाही.

याच याद्यांवरून गल्लीने एक कागद तयार ठेवावा, पुन्हा कधी सगळं बंद झालं तर म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये किराणा-भाजी सकाळी ७ ते ११ एवढाच वेळ उघडी ठेवायचा आदेश आला आणि चार तासांत सगळी गल्ली एकाच दुकानावर लोटली. कागदावर हवं ते एवढं: एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण आणि त्यांची नेहमीची औषधं कोणती, कुठलं दुकान कुठल्या इमारतीचा माल पोचवणार, चिठ्ठी आदल्या संध्याकाळी कुणाकडे द्यायची, पैसे घरी घ्यायचे की यूपीआयने, गाडीवाल्यांपैकी कोण गावी न जाता इथेच राहणार, आणि राखीवमधले पैसे काढायला लागणाऱ्या तीन सह्यांपैकी एक जण दवाखान्यात असेल तर चौथी सही कुणाची. ती चौथी सही बँकेत आजच नोंदवून ठेवावी.